वहीत गाळलेलं नाव

“लिहिशील तर पुरं लिही, गुणाजी. कुणाला गाळू नको हो. मला एक अक्षर येत नाही, म्हणून तर तुला शाळेत धाडलाय.”

आई जाऊन सात वर्षं झाली होती, पण टाक दौतीत बुडवला की तिचा हा आवाज गुणाजीच्या कानाशी यायचाच. गुणाजी गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवी, आणि पहिली पाळी सुटली की गावकरी मंडळाचा चिटणीस होई. लालबागच्या त्या चाळीत एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली घेतली होती. तिथे गावचे तंटे मिटत, लग्नं ठरत, मोडतही. जे काही होई ते गुणाजी लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत टिपून ठेवी. वीस वर्षं त्याच्या अक्षरावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

त्या दुपारीही तो लिहीतच बसला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात चाळीतली जी माणसं पकडली गेली, त्यांची यादी समितीला द्यायची होती. माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, खोली नंबर. एकही चूक होऊ नये म्हणून तो प्रत्येक ओळ दोनदा वाची.

“काका, आत येऊ का?”

दारात अंबिका उभी होती. गिरणीच्या वाइंडिंग खात्यातून थेट आलेली, केसांत कापसाचे तंतू. मागे तिचा भाऊ धोंडू. तिच्या हातात कोर्टाचा कागद होता.

“लवूनं दावा घातलाय. म्हणतो, बायको नांदायला येत नाही, कोर्टानं पाठवून द्यावी.”

गुणाजी दचकला. “पण तुमची काडीमोड झाली की! चार वर्षं झाली. याच खोलीत.”

“तेच वकीलसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पंचांची काडीमोड कायदा अजून मानतो, पण ती शाबीत करावी लागेल. मंडळाच्या वहीतली नक्कल आणा, आणि एक पंच साक्षीला आणा.”

गुणाजीनं वही काढली. पानं उलटता उलटताच तिथे काय आहे ते त्याला आठवू लागलं. ओळ सापडली:

‘लवूच्या बायकोची काडीमोड झाली. पंच हजर पाच.’

बस्स, एवढंच.

तो दिवस त्याच्या डोळ्यांपुढे आला. लवूनं गावी दुसरी बायको करून ठेवली आहे, हे कळल्यावर अंबिकेनं पंचांकडे मोकळीक मागितली होती. पंचांसमोर वाळल्या गवताची काडी मोडली की नवरा-बायको सुटी, ही जुनी रीत. एक टोक नवऱ्यानं धरायचं, दुसरं बायकोच्या भावानं. बाईनं आत यायचं नाही. अंबिका बाहेर गॅलरीत उभी होती. काडी मोडल्याचा आवाज तो केवढा! पण तिला तो ऐकू आला असावा, कारण ती बाहेरून ओरडली होती, “काका, माझं नाव लिवा हो वहीत!”

“हो हो, लिहितो,” गुणाजी म्हणाला होता.

आणि मग अध्यक्ष बाबुराव, लवूचा सख्खा चुलता, हळूच बोलला होता, “बायकांची नावं मंडळाच्या वहीत कशाला? लवूचं घाल, पुरे.” गुणाजीनं तसंच लिहिलं. वीस वर्षं तसंच तर लिहीत आला होता.

“आता लवू काय म्हणतो ठाऊक आहे?” धोंडू दात खाऊन म्हणाला. “म्हणतो, ती काडीमोड गावच्या बायकोची! ती बिचारी गेल्या साली वारली. ती काय सांगायला येणार? आता घरात चूल पेटवायला कोण नाही, तेव्हा याला अंबी आठवली.”

“बाकीचे पंच?”

“दोघे वारले. लहूअण्णा गावी, अंथरुणाला खिळलाय. एक तो बाबुराव. आणि एक तुम्ही.”

मग धोंडूनं वहीवर बोट ठेवलं. “काका, इथं जागा आहे. ‘बायकोची’च्या आधी बारीक अक्षरात ‘अंबिका’ घाला. कोण बघतंय?”

गुणाजीचा हात टाकाकडे गेलाही! पण अंबिकेनं वही आपल्याकडे ओढून घेतली.

“नको. त्याचं खोटं उघडं पाडायला मी कोर्टात जायची, आणि मीच खोटं घेऊन जाऊ? जुन्या शाईशेजारी नवी शाई शेंबड्या पोराला पण कळेल. तुम्ही नुसते या, काका. काय झालं आणि काय लिहायचं राहिलं, एवढं सांगा.” थोडं थांबून ती म्हणाली, “कुशाबाशी जमणार होतं माझं. लवूनं त्याच्या घरी जाऊन सांगितलं, ही अजून माझीच. त्याच्या भावानं कागद मागितला. माझ्याकडे कागद कुठला? माघात त्याचं दुसरीकडे झालं. ते काही आता परत येत नाही. पण निदान मी लवूची नाही, एवढं तरी माझं राहू दे.”

“बघतो,” गुणाजी खाली मान घालून म्हणाला.

ती दोघं जिना उतरली न उतरली तोच बाबुराव वर आला. त्याला वास लागला असावा.

“गुणाजी, वही या खोलीबाहेर जायची नाही. उद्या कोर्टात साहेब विचारील, नाव का गाळलं? काय सांगशील? चिटणिसाला लिहिता येत नव्हतं म्हणून? साऱ्या गावचं हसं होईल. आणि गणपतीनंतर नवा चिटणीस निवडायचाय, एवढं ध्यानात ठेव.”

गुणाजी घरी आला. मीराबाई, त्याची बायको, देवापुढे वाती वळत बसली होती. तिचा रोजचा नेम होता. वाती वळून होईपर्यंत ती कुणावर आवाज चढवत नसे. तिनं सगळं ऐकून घेतलं, शेवटची वात ताटलीत ठेवली आणि म्हणाली,

“मग जायचं नाही तर!”

“अगो, मंडळाची अब्रू आहे. रीतच तशी होती. मी एकट्यानं का गाळलं?”

“रीत नाव गाळायची असेल. पण ‘लिहितो’ म्हणायची तर रीत नव्हती ना? ते तुम्ही आपल्या तोंडानं म्हणालात.”

गुणाजीनं टोपी काढून खुंटीला अडकवली.

“काल रात्री ती यादी मला वाचून दाखवलीत. पलीकडच्या सुंदराबाई सत्याग्रहात पकडल्या गेल्या, त्यांचं नाव तुम्ही नवऱ्याच्या नावासकट पुरतं लिहिलंत. म्हणालात, सरकारला कळू दे कोण कोण तुरुंगात गेलं. तुरुंगात जाताना बाईला नाव असतं, आणि संसारातून सुटताना नसतं? आपल्या राज्याला आपलं नाव पाहिजे म्हणून माणसं गोळ्या खातात, आणि आपल्या चाळीतल्या पोरीला आपण तिचं नाव देत नाही! असं कसं हो?”

“मीरे…”

“रागावू नका. एकच करा. वीस वर्षांच्या त्या वहीत एक तरी बाई नावानं सापडते का, ते बघून या.”

गुणाजी परत खोलीत गेला. उन्हं कलली होती. एकेक पान तो उलटू लागला. ‘कोंडीरामच्या मुलीचं लग्न ठरलं.’ ‘रामदासच्या विधवेस मदत.’ ‘धोंडूच्या बहिणीचा अर्ज.’ मुली, बायका, विधवा, बहिणी… नाव एकीलाही नाही! आणि मग ते पान आलं. त्याच्याच सुंदर अक्षरात, समास सोडून, नीट लिहिलेलं:

‘चिटणीस यांच्या मातोश्री वारल्या. शोकसभा झाली.’

आईचं नाव सखुबाई! अरे, ज्या माउलीनं उपाशी राहून शाळेत घातलं, तिच्या मरणाच्या ओळीतही आपण तिचं नाव लिहिलं नाही! कुणाला गाळू नको म्हणाली होती ती, आणि आपण तिलाच गाळलं!

गुणाजी वहीवर डोकं टेकून किती वेळ बसला, कोण जाणे.

बंधुभगिनींनो, गुणाजी काही दुष्ट नव्हता. आपल्यासारखाच होता, चारचौघांत जे चालतं ते लिहिणारा. पण एक शब्द लिहायचा राहिला आणि एका पोरीचं जमणारं घर मोडलं. ते कोणतंही कोर्ट पुन्हा उभं करू शकणार नाही. म्हणून लग्न जुळताना असो की मोडताना, पंचांसमोर असो की न्यायाधीशांसमोर, बाईचं नाव पुरं लिहून घ्या, तिची स्वतःची सही किंवा अंगठा घ्या, आणि त्या कागदाची एक नक्कल तिच्याच हाती द्या. आणि चूक झालीच असेल, तर ती लपवायला शाई शोधू नका. ती कबूल करायला तोंड उघडा.

सुनावणीच्या दिवशी गुणाजीनं पाळी बुडवली. धुतलेलं धोतर, काळा कोट, काळी टोपी. गॅलरीत बाबुराव आडवा आला.

“चिटणीसपण गेलं समज.”

“वही परत आणून देईन, बाबूदादा,” गुणाजी शांतपणे म्हणाला. “मग दुसऱ्या कुणाला द्या. फक्त त्याला सांगा, पुरं लिही म्हणावं.”

मीराबाईनं देवापुढचं कुंकू बोटावर घेऊन वहीच्या पुठ्ठ्याला टेकवलं आणि वही स्वच्छ फडक्यात बांधून दिली. खाली फाटकाशी अंबिका आणि धोंडू वाट बघत उभे होते.

“तुझं पुरं नाव काय गो बाय?” गुणाजीनं विचारलं. “साक्षीत सांगायचंय. मला माहीत आहे, पण तुझ्या तोंडून ऐकू दे.”

तिनं सांगितलं. माहेरच्या नावासकट, सावकाश. गुणाजीनं ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, गाठोडं छातीशी धरलं आणि तो कोर्टाच्या वाटेला लागला.