तरंगतं टेबल

ताईने दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं, शेवटची गाठ मारली आणि दोन्ही हात काढून घेतले. पुठ्ठ्याचं टेबल क्षणभर हवेत उभं राहिलं आणि मग सावकाश डावीकडे कललं, जेवणानंतर खुर्चीत पेंगणाऱ्या माणसासारखं.

"पडलं!" मुलं एका सुरात ओरडली. एखादी गोष्ट उभी राहण्यापेक्षा ती पडण्यात मुलांना नेहमीच जास्त गोडी.

"पडलं नाहीये. कललंय," ताई म्हणाली. सगळी इमारत कलली असती तरी तिने याच आवाजात सांगितलं असतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी तिचा हस्तकलेचा तास असे. लांब टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यावर पुठ्ठे, आइस्क्रीमच्या काड्या, डिंकाच्या बाटल्या आणि पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ, ज्याच्यावर सगळ्यांचा एकाच वेळी हक्क होता. आजचा विषय होता तरंगतं टेबल. खालच्या पुठ्ठ्यावरून काड्यांचा हुकासारखा एक आकडा वर जायचा, वरच्या पुठ्ठ्यावरून तसाच एक उलटा आकडा खाली यायचा, त्याचं टोक खालच्या आकड्याच्या टोकाच्याही खाली राहायचं, आणि त्या दोन टोकांना जोडणारा बोटभर दोरा बरोबर मध्ये. वरचा सगळा भार त्या दोऱ्याला लटकलेला. चार कोपऱ्यांना चार लांब दोरे असत, पण ते काही पेलत नसत. वरचा पुठ्ठा कलंडू नये एवढंच त्यांचं काम. पाहणाऱ्याला मात्र वाटायचं की टेबल या चार दोऱ्यांवरच उभं आहे, आणि दोरा काही उभा राहत नाही हे आठवलं की त्याचे डोळे मोठे व्हायचे.

ताईचे डोळे मोठे झाले नाहीत. नवरा गेल्यापासून तिला तसं काहीच होत नसे. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, तसं तिचं अंगभर झालं होतं. लोक भेटायला येत, रडत, आणि ती त्यांना पाणी नेऊन देई. "धीराची आहे हो," असं लोक जिना उतरताना म्हणत. धीर वगैरे काही नव्हता. आत कोणी हलतच नव्हतं.

दाराजवळच्या खुर्चीत तिच्या सासूबाई बसल्या होत्या. पायाशी बॅग, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. तास संपायच्या सुमाराला नणंद गाडी घेऊन येणार होती आणि आईला आपल्या गावी घेऊन जाणार होती. चार दिवसांसाठी नव्हे, कायमचं. घरी येऊन मग निघण्यापेक्षा वाचनालय तिला वाटेवर पडत होतं, म्हणून सासूबाई सुनेबरोबर इथेच आल्या होत्या.

हे ठरलं कसं, हे विचाराल तर सांगणं कठीण आहे. नणंदेने फोनवर विचारलं, आईला नेऊ का? ताई म्हणाली, "त्यांना बरं वाटेल तसं." सासूबाई म्हणाल्या, "तिला सोयीचं असेल तसं." या दोन वाक्यांची बेरीज करून नणंदेने शनिवार ठरवला. हिशेबात तिची काही चूक नव्हती.

खरी गोष्ट अशी की या दोघींना एकमेकींशी बोलायची सवयच नव्हती. लग्न झाल्यापासून त्या घरात सगळं बोलणं त्याच्यामार्फत चाले. सासूबाई गॅलरीत, सून स्वयंपाकघरात आणि तो मधल्या खोलीत. "सांग तुझ्या बायकोला." "सांग तुझ्या आईंना." तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर गिऱ्हाइकांना हे नीट दिसतं की ते, असं विचारून त्याच्या अंगी दगडाची सहनशक्ती आली होती. तो उठे, निरोप पोचवी, उत्तर घेऊन येई. दोघींची तोंडं त्याच्याकडे असत आणि पाठी एकमेकींकडे. भांडणं रोज होत, पण समोरासमोर एकही नाही.

तो गेला आणि घरात सभ्यपणा आला.

"चहा ठेवू?"

"चालेल."

"नको असेल तर राहू दे."

"तसंही चालेल."

एकाच लॉजमध्ये उतरलेल्या दोन प्रवाशांसारख्या त्या राहत होत्या. भाजीत मीठ पडलं नाही तरी सासूबाई मुकाट्याने जेवत. हे ताईला कळे. त्याचंही तिला काही वाटत नसे.

"आजी, हे धरा ना." समोरचे दोन दात पडलेली एक मुलगी आपलं टेबल घेऊन सासूबाईंसमोर उभी राहिली. सगळे तिला बोळकी म्हणत आणि तिला ते आवडे. "दोन हात पुरत नाहीत मला."

सासूबाईंनी पर्स बॅगेवर ठेवली आणि पुठ्ठा धरला. थोडा वेळ नुसता धरला. मग त्यांनी कोपऱ्याचा एक दोरा चिमटीत घेऊन पाहिला, ताईच्या नमुन्याकडे पाहिलं आणि उठून थेट मोठ्या टेबलाशी येऊन बसल्या. बोळकीच्या टेबलाचे कोपरे त्या एकेक करून आवळू लागल्या.

ताई हातभर अंतरावर होती. तिने मान वर न करता म्हटलं, "बोळके, आजींना सांग, कोपरे एवढे ओढायचे नसतात."

"आजी, ताई म्हणते कोपरे ओढायचे नसतात."

"तुझ्या ताईला सांग, स्वतःच्या गाठी बघ म्हणावं. असल्या गाठीला शेळीसुद्धा बांधलेली राहणार नाही."

"ताई, आजी म्हणतात तू शेळी बांधू नकोस."

"त्यांना सांग, भार मधल्या दोऱ्यावर असतो. कोपरे आवळले की आकड्यावर ताण येतो."

"हिला सांग, मधला दोरा बोटभर आहे. तो एवढासा काय पेलणार?" आणि सासूबाईंनी चौथा कोपरा आवळला.

कडकन आवाज झाला. काड्यांचा आकडा मोडून वरचा पुठ्ठा खाली आला. मुलं आनंदाने ओरडली. दोघी बायकांनी एकाच वेळी बोळकीकडे पाहिलं, काहीतरी सांग म्हणून.

बोळकीने मोडलेली काडी उचलली. "तुम्हीच बोला ना एकमेकींशी," ती वैतागून म्हणाली. "मला डिंक लावायचाय." आणि ती डिंकाची बाटली शोधत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली.

तिची खुर्ची रिकामी राहिली. मध्ये कोणी नव्हतं.

सासूबाई बोटाला गुंडाळलेला दोरा सोडवत होत्या. त्या म्हणाल्या, "मी जरा जास्तच ओढते."

"हो," ताई म्हणाली.

"पण तुझ्या गाठी सैल असतात."

"असतात."

"मग? मी ओढलं नाही तर धरणार कोण? तूच म्हणाली होतीस ना, आईंची शिस्त आहे म्हणून घर चालतंय."

ताईने मान वर केली. "मी कधी म्हटलं?"

"त्याच्याकडे. त्या रंगकामाच्या वेळी. त्याने मला गॅलरीत येऊन सांगितलं."

"मी म्हटलं होतं," ताई सावकाश म्हणाली, "हे घर आहे की तुरुंग."

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

"आणि तुम्ही म्हणाला होतात ना," ताई म्हणाली, "की पोरं हिच्या अंगाखांद्यावर खेळतात, हात लावील त्याचं सोनं करते."

"मी?"

"या वाचनालयात लागले तेव्हा."

"मी म्हटलं होतं, पगार देतात की नुसतंच फुकट कागद कापायला बोलावतात."

पलीकडच्या एका मुलाला हसू आवरेना. ताईने त्याच्याकडे पाहिलं तसा तो कात्रीत गुंतला. तिच्या डोक्यात मात्र आता एकामागून एक निरोप उलटे होऊ लागले. आईंना तुझी आमटी आवडली. आई म्हणाल्या, माहेरी जाऊन ये दोन दिवस. आई म्हणतात, दमलीस, बस. इतकी वर्षं जपून ठेवलेला हा सगळा गोडवा त्याचाच. मधल्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंतच्या आठ-दहा पावलांत तो शब्द बदलत असे. आणि समोर बसलेल्या या बाईचं आपल्याबद्दल खरं मत काय आहे, हे आपल्याला अजिबात ठाऊक नाही.

"लबाड," सासूबाई म्हणाल्या. कोण, ते कोणी विचारलं नाही.

"मला टायफॉइड झाला होता," ताई म्हणाली. आवाज तिचा तिलाच चमत्कारिक वाटला. "तेव्हा तो म्हणाला, आई रात्रभर उशाशी बसून होत्या. तेही त्याचंच असेल."

सासूबाईंनी बोटावरचा दोरा पूर्ण सोडवला, सरळ केला आणि टेबलावर ठेवला.

"बसले होते," त्या म्हणाल्या. "पण तुला सांगू नकोस म्हटलं होतं मी त्याला. डोक्यावर बसली असतीस."

ताईने समोरचा कललेला नमुना घेतला आणि त्याची एक गाठ सोडून पुन्हा बांधायला लागली.

जिन्यावर पावलं वाजली आणि नणंद दारात आली, धापा टाकत, हातात नुसता मोबाइल. "आई, चल गं लवकर. खाली जागाच नाहीये, गाडी चालूच ठेवून आलेय. ही एवढीच बॅग?" तिने बॅग उचललीसुद्धा. मग वहिनीकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर खरी माया होती. "वहिनी, तू अजिबात काळजी करू नकोस. आईला तिकडे बरं वाटेल. हो की नाही?"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. पर्स छातीशी धरलेली, नजर जमिनीवर.

'हो' म्हणायचं होतं. ताईच्या जिभेवर तयारही होतं ते, इतके दिवस प्रत्येकाला दिलेलं, गुळगुळीत झालेलं. पण ते बाहेर येण्याआधी पोटातून दुसरंच काहीतरी वर आलं. तो राग होता. साधा, सणसणीत राग, आणि त्याने तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"मला नाही बरं वाटणार," ती म्हणाली.

"अं?"

"मला राग आलाय. या निघाल्यात त्याचा. तो विचारल्याशिवाय गेला, आता याही चालल्यात. घरी जाऊन मी काय करू? दोन वाट्या तांदूळ लावायची सवय आहे मला." तिचा आवाज फाटला. मुलं कात्र्या थांबवून पाहू लागली, पण तिला थांबता येईना. "यांना मी आवडत नसेन तर नसेन. पण मला नाही चालणार. नाही चालणार."

नणंद बॅग हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं.

सासूबाई सुनेकडे पाहत होत्या. "हे तू म्हणतेस?"

"मीच," ताई म्हणाली. गालांवरून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं असतं हेही तिच्या ध्यानात नव्हतं. "दुसरं कोण आहे आता?"

सासूबाईंनी खुर्ची मागे ओढली आणि बसल्या.

"आधी खाली जा," त्या लेकीला म्हणाल्या, "आणि गाडी बंद करून ये. उगाच पेट्रोल जळतंय."