वेडीचा थांबा

माझं केस कापायचं दुकान बसथांब्याच्या अगदी समोर आहे, त्यामुळे त्या थांब्याच्या नावाबद्दलची प्रत्येक थाप मला ऐकावी लागते. नाव आहे ‘वेडीचा थांबा’. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं की पहिला विषय तोच.

कॉलेजात शिकवणारे एक सर म्हणतात, पूर्वी इथे नदीचा वेढा होता, त्याचंच पुढे ‘वेडी’ झालं. नदी इथून कोसभर लांब आहे, पण सरांना कोण सांगणार? औषधांच्या दुकानातली ताई म्हणते, कुणी मुलगी प्रियकराची वाट बघत इथेच म्हातारी झाली. हे सांगताना ती इतकी मान हलवते की मला कात्री बाजूला ठेवावी लागते, नाहीतर तिचा कानच जायचा. टॅक्सीवाले तर शपथेवर सांगतात की इथे वेड्यांचं इस्पितळ होतं.

मी दातओठ खात ऐकून घेते. कारण ती वेडी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत टॉवेलांच्या घड्या घालत बसलेली असते. ती माझी आई आहे.

आई तरुणपणी नदीपलीकडच्या एका हॉटेलात चादरी धुवायला जायची. बस याच रस्त्याने जायची, पण थांबायची नाही. आमची वस्ती बसवाल्यांच्या खिजगणतीतच नव्हती. बायका हात करायच्या, बस तोंडावर धूळ उडवून निघून जायची. एका सकाळी दादाला कडेवर घेऊन, मी पोटात असताना, आई सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ब्रेक किंचाळले. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “वेडी आहेस का गं?”

“आहे. दार उघड.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा पोलिसांनी तिला धरून नेलं, दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. सुटल्यावर सकाळी बाई परत रस्त्यात हजर. शेवटी ड्रायव्हर लांबूनच ब्रेक दाबायला लागले, कंडक्टर ओरडायला लागले, “चला, वेडीचा थांबा!” खांब आणि पाटी कितीतरी वर्षांनी आली.

हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही. माझ्या आईला कुणी वेडी म्हटलेलं मला आजही सोसत नाही. म्हणून दादाने बस कंपनीत खेटे घालून नाव बदलून घेतलं, तेव्हा मी खूश झाले. नवीन नाव ठरलं ‘सुंदरनगर’. इथे सुंदर म्हणावं असं फक्त माझ्या भिंतीवरचं पोस्टर आहे, पण म्हटलं चालेल.

पाटी रंगवायला पेंटर आला, बरोबर कंपनीचे साहेब. दादा मोठ्या कौतुकाने आईला हाताला धरून बाहेर घेऊन आला. मीही मागोमाग गेले.

साहेब गोड हसून म्हणाले, “आजी, आता तुम्हाला कुणी वेडी म्हणणार नाही बरं का.”

आईने पाटीकडे बघितलं, मग शिडीवरच्या पेंटरकडे.

“ब्रश खाली ठेव, बाळा.”

“आई, अगं काय करतेस?” दादा कावराबावरा झाला. “लोक हसतात गं आपल्याला.”

“हसू देत. माझ्या आधी इथे रोज शहाण्या बायका उभ्या राहायच्या. नीट कडेला, हात करून. त्यांतल्या एकीसाठी तरी थांबली का रे बस?”

जी तिची कमाई होती, तिला आम्ही दोघं डाग समजून घासत बसलो होतो.

साहेबांनी घसा साफ केला. “पण आजी, मीटिंगमध्ये ठरलंय.”

“मग मीटिंगला सांगा, वेडी ऐकत नाही.” आणि आईने शिडीचा पाय घट्ट धरला.

पेंटर साहेबांकडे बघत होता. साहेब दादाकडे बघत होते, कारण नाव बदलायचा हट्ट त्याचा होता. “मग काय लिहू?” पेंटरने विचारलं.

दादाने आईच्या शेजारी शिडीला हात लावला.

“होतं तेच लिही,” तो म्हणाला. “आणि अक्षरं मोठी काढ. ड्रायव्हरला लांबून दिसली पाहिजेत.”