शेवटच्या फेरीचा चालक

ट्रॉलीचे, म्हणजे गावच्या ट्रामचे, रूळ उखडून अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती, आणि आता त्याच वाटेवरून सगळ्यांनी मिळून चालायचं गावाने ठरवलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावाला निमित्तच हवं असतं! ऑक्टोबरातला शनिवार, चार मैलांची पायवाट, आणि शेवटी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवण. सर्वांत पुढे चालण्याचा मान एक्क्याऐंशी वर्षांच्या मॅहलॉन फेन्स्टरमाकरचा. वाटेच्या तोंडाशी नवा फलकही होता: 'शेवटच्या फेरीचा चालक, एम. फेन्स्टरमाकर'.

फलक वाचून मॅहलॉनने मान फिरवली. शेवटची फेरी त्याने पुरी केलीच नव्हती. निम्म्या वाटेत त्याला रडू आवरेना, तेव्हा कंडक्टर अर्ल हन्सिकरने हँडल हाती घेतलं होतं. वर्तमानपत्राने पाळीच्या कागदावरचं नाव छापलं आणि मॅहलॉन गप्प बसला. अर्लही चारचौघांत कधी चकार शब्द बोलला नाही. भला माणूस, गेल्या मार्चमध्ये गेला. त्याची बायको ऑर्फा आज काठी टेकत मॅहलॉनच्या मागेच चालत होती. तिला आज सांगायलाच हवं होतं, पण जीभ उचलेल तर शपथ!

दोन मैलांवर आगगाडीचा जुना मार्ग आडवा यायचा. तिथे आता नुसतं गवत होतं, तरी मॅहलॉन थबकला. नियमच होता तसा. इथे ट्रॉली उभी करायची, कंडक्टरने खाली उतरून दोन्हीकडे पाहायचं, हात वर करायचा, मगच चालकाने गाडी काढायची. मागची साठ माणसंही मुकाट उभी राहिली.

"दमलात का आजोबा?" पदयात्रेच्या समितीतल्या डेनिसने विचारलं.

"दमलो नाही. तो फलक खोटा आहे." मॅहलॉन ऑर्फाकडे वळला. "शेवटची गाडी अर्लने नेली. मी रडत होतो. इतकी वर्षं त्याचा मान मी मिरवला."

"हे तू मला सांगतोस?" ऑर्फा म्हणाली. "मी तिसऱ्या बाकावर होते! अर्ल हँडलवर, मग इथे उतरून बघणार कोण? उतरलास तू. डोळ्यांना धारा, समोर अख्खं इंजिन असतं तरी दिसलं नसतं. आणि हात वर करून ओरडतोस, 'ये रे, मोकळं आहे!' दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवताना हे सांगून अर्ल आम्हाला हसवायचा."

माणसं खो खो हसली. मॅहलॉनलाही हसू आलं.

"पण आमच्याकडे यायचं का सोडलंस?" तिचा आवाज उतरला. "नव्या वर्षाच्या जेवणाला तो दरवेळी तुझं ताट मांडायचा. त्याला वाटायचं, गाडी हातातून काढून घेतली म्हणून तू रागावलास."

"रागावलो? अगं, मला त्याला तोंड दाखवायची लाज वाटायची."

"गाढव आहात दोघंही," ऑर्फा म्हणाली. तिने डोळे पुसले आणि त्याचा दंड धरला. "या वर्षी येऊन जेवायचं. काही ऐकणार नाही मी."

मार्चमध्ये अर्लच्या अंत्यविधीला चर्चच्या पायऱ्यांवरूनच परत फिरलेला मॅहलॉन आता सगळ्या गावादेखत आपल्या मित्रासाठी रडला. ऑर्फाने त्याला मुळीच घाई केली नाही.