खंडेनवमीला मी वितळलो

मित्रांनो, मी रक्तातल्या एका प्रथिनाचा तुकडा आहे. डोळ्यांना दिसत नाही म्हणून नाक मुरडू नका. तुम्ही उन्हात खेळता तेव्हा अंगात ड जीवनसत्त्व तयार होते. ते हाडांच्या कामी यावे म्हणून कुणाला तरी त्याला धरून रक्तातून न्यावे लागते. हे काम करणाऱ्या प्रथिनाचा धरणारा भाग म्हणजे मी. धरणे एवढेच मला येते, पण ते मला फार चांगले येत असे.

माझा जन्म मात्र कुणाच्या रक्तात झाला नाही. दूरच्या एका कारखान्यात जिवाणूंकडून मला घडवून घेतले, गाळले आणि बोटाच्या पेराएवढ्या चाळीस नळ्यांत भरले. कोरड्या बर्फात बसून आम्ही नाशिकला आलो. गंगापूर रोडवरच्या एका प्रयोगशाळेत, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये, आमचे घर झाले. त्या थंडीत माझी पकड वर्षानुवर्षे टिकते. उबेत राहिलो की ती सुटते, आणि मग कितीही गारठवले तरी परत येत नाही.

अंजलीताई तिथल्या संशोधक. पिंपळगाव बसवंतच्या शीतगृहांत द्राक्षे भरणाऱ्या साठ बायकांची हाडे का दुखतात, याचा त्या शोध घेत होत्या. या बायकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व किती, हे माझ्या मदतीने मोजायचे होते. "हा नीट असेल तरच आपलं मोजमाप खरं," असे ताई म्हणत. ते ऐकून मी फुगत असे, खोटे कशाला सांगू?

कोंडाजीमामा हे तिथले नवे मदतनीस, महिन्यापूर्वीच कंत्राटावर लागलेले. त्यांचे उभे आयुष्य मनमाडला लेथ मशीनवर गेले होते. तिथे खंडेनवमीला मशीन बंद ठेवायचे, पुसायचे, पुजायचे आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही, असा रिवाज होता. इथेही त्यांनी तेच केले. ताई आईला घेऊन धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला गेल्या होत्या. मामांनी सकाळीच फ्रीजर बंद केला. तो टीं टीं करू लागला, तर त्यांनी त्याला थोपटले.

"वरीसभर राबतो लेका. आज इसावा घे."

त्यांनी आमचे डबे टेबलावर काढले, आतला बर्फ फडक्याने पुसला, दाराला झेंडूची माळ घातली. आमच्या डब्यांनाही कुंकू लावले. 'बंद करू नये' असा कागद दारावर होता, पण तो इंग्रजीत होता.

इतका मान मला कधीच मिळाला नव्हता, आणि तो मिळत असतानाच मी वितळत होतो. माझी पकड सुटली. मला फार भीती वाटली, पण ओरडायला मला तोंड नाही. दुसऱ्या दिवशी मामांनी आम्हाला जपून आत ठेवले आणि बटण चालू केले. आकडा उतरत पुन्हा उणे ऐंशीवर आला. मी गोठलो आणि दिसायला अगदी पहिल्यासारखा झालो.

ताई परतल्या त्या दिवशी साठ बायकांपैकी पहिल्या, सुलाबाई, पिंपळगावहून आल्या होत्या.

"दोन साल झाले ताई, जिना चढवत नाय," त्या म्हणाल्या. "उजाडायच्या आत कामावर जाते न् अंधारात बाहेर येते. डॉक्टर म्हणतो, वयाचं हाय."

ताईंनी डबा काढला. कुंकू बघून त्या हसल्या. "मामा, पूजा केलीत वाटतं!" मग बर्फाच्या भांड्यात माझी नळी ठेवत त्यांनी सुलाबाईंना समजावले, "हा थोडा वेळ जरी उबेत राहिला ना मावशी, तर कामातून गेला. चाचणीत आपण खुणेचं ड जीवनसत्त्व घालतो; ते याने धरलं नाही, की याची जागा तुमच्या रक्तातल्यानेच भरली असं यंत्र समजतं. मग तुमच्या रक्तात सगळं भरपूर आहे असंच दिसेल."

दाराशी मामा बादली घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. बोलले तर नोकरी जाणार, आणि न बोलले तर कुणाला कळणार नाही, हे त्यांनाही दिसत होते. ताईंनी नळीचे झाकण उघडले.

"मॅडम, ते नका वापरू," मामा म्हणाले. "खंडेनवमीला म्या फ्रीजर बंद ठेवला होता. दिवसभर डबे बाहेर होते. सगळेच."

"मामा, चाळीस नळ्या होत्या!" ताईंचा आवाज चढला. "आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

"आत्ता तुम्ही मावशींना बोलल्या तवा कळलं. दारावरचं मला वाचता नाय येत."

ताईंची नजर त्या कागदाकडे गेली. तो त्यांनीच चिकटवला होता. मग त्यांनी तो काढला आणि मराठीत नवा लिहिला. नव्या नळ्या यायला दोन महिने लागणार होते. सुलाबाई उठल्या.

"येईन मी परत. पण काय ते खरं सांगा मला."

मित्रांनो, आता आम्ही चाळीसही जण प्रयोगशाळेच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत आहोत. उद्या आम्हाला जाळतील. आमच्यासारख्या नाजूक वस्तू जपा, आणि कशा जपायच्या ते त्यांना हाताळणाऱ्यांच्या भाषेत लिहून ठेवा. तरीही चूक झालीच तर ती लपवू नका. बिघडलेला मी आणि चांगला मी दिसायला एकसारखेच. मला काही सांगता येत नव्हते. मामांनी तोंड उघडले, म्हणून मी सुलाबाईंशी खोटे बोललो नाही.