फाळक्याची चावी

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला कुकटपल्लीच्या वर्कशॉपमधून हिमायतनगरच्या दुकानात फोन आला आणि तो त्रिवेणीने उचलला.

"मॅडम, मी योगेश मेकॅनिक. गाडी रेडी आहे, साहेब फोन उचलेनात. फाळक्याचं जुनं हँडल काढलंय, त्याचं काय करू? साहेब म्हणले फेकून दे. पण चांगलं आहे हो, लॉकसकट."

"कुठलं जुनं हँडल?"

"मागच्या फाळक्याचं. आता कंपनीचं पॉवर लॉक बसवलं ना."

त्रिवेणीने हातातलं बिल खाली ठेवलं. मग म्हणाली, "फेकू नका. मी येते."

दुकान प्रयोगशाळेच्या सामानाचं. गोविंदरावांनी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर ते काढलं होतं. ते गेल्यावर त्यांचा मुलगा हर्षवर्धन आणि त्याची धाकटी बहीण त्रिवेणी दोघं मिळून चालवत होते. माल पोचवायला पिकअप होती. हौद्यावर फायबरचं झाकण होतं, त्यामुळे मागचा फाळका बंद असला की आतल्या वस्तूला हात लागत नसे. निदान घरातले सगळे तसं समजत होते.

गेल्या गुरुवारी अफझलगंजला, ग्रंथालयाच्या पलीकडे गाडी उभी करून अंबाजी ड्रायव्हर एका दुकानात काचसामान द्यायला गेला. परत आला तर हौद्यातली मायक्रोस्कोपची खोकी गायब. फाळक्यावर साधा ओरखडा नव्हता. हर्षवर्धनने तिथल्या तिथे हिशेब मांडला: फाळका रिमोटने लॉक होतो, रिमोट अंबाजीकडे, म्हणजे फाळका अंबाजीनेच उघडला. संध्याकाळी दुकानासमोर त्याने अंबाजीची कॉलर धरली. गोविंदरावांच्या काळापासून या घराची गाडी चालवणारा, पंचावन्नच्या पुढचा माणूस. समोरचा इराणी चहावाला कप हातात धरून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी हर्षवर्धनने पोलिसांत तक्रार दिली. तेव्हापासून अंबाजीला रोज सकाळी ठाण्यात बोलावत आणि दिवे लागल्यावर घरी सोडत. आज पाच वाजता गाडी तपासायची होती. लॉक ठीक निघालं की अंबाजीची अटक दाखवणार, असं हर्षवर्धनने सकाळीच चहा पिताना सांगितलं होतं.

वर्कशॉपमध्ये योगेशने तिला मागचा डावा दिवा काढून दाखवला. आतल्या पोकळीत वायरचं एक टोक होतं आणि त्याला नवी मोटर जोडली होती.

"हे सॉकेट आधीपासून इथंच होतं. कंपनी एकच वायरिंग सगळ्या मॉडेलला टाकते. खालच्या मॉडेलला मोटर देत नाही, म्हणून टोक टेप गुंडाळून आत खोचून ठेवते. मी टेप कापली, मोटर जोडली, हँडल बदललं. काम काहीच नाही, पार्ट मिळायलाच वेळ लागला. बाजारातलं किट घाला म्हणलं तर साहेब नक्को म्हणले. कंपनीचंच पाहिजे."

"म्हणजे याआधी फाळका रिमोटने लॉक होत नव्हता?"

"कसा होईल? दारं व्हायची. फाळका चावीनं. छोटी वेगळी चावी येते ना गाडीसोबत."

त्रिवेणीने वाकून बोल्ट पाहिले. नव्या हँडलचे बोल्ट गाडीपेक्षा जुने दिसत होते.

"हे असे कसे?"

योगेश हसला, पण तिचं तोंड पाहून थांबला. "साहेबांनीच सांगितलं, बोल्टला धूळ चोळ, काही चमकायला नको. मला वाटलं, गाडी विकायचीय. वरचं मॉडेल म्हणून."

तिने जुनं हँडल वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि रिक्षात बसली. चावी कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. गाडी घरी आली त्या दिवशी आईने पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि चाव्यांचा जास्तीचा जुडगा हळदकुंकू लावून देवघरातल्या चांदीच्या डबीत ठेवला. घरातली पद्धतच तशी. गोविंदरावांच्या स्कूटरची चावीसुद्धा अजून त्याच डबीत होती. त्या जुडग्यात ती छोटी चावी होती. गाडी आल्यापासून फाळक्याला कुलूप लागलंच नव्हतं. अंबाजी एकदा म्हणालाही होता, साहेब, फाळका हलतो. "टिक वाजलं ना? मग झालं," असं हर्षवर्धनने त्याला वाटेला लावलं होतं.

दुकानाच्या वर घर. हर्षवर्धन जेवायला बसला होता. त्रिवेणीने पुडकं उघडून हँडल त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"जेवणाच्या टेबलावर काय आणलंस ते?" आई, सुशीलाबाई, म्हणाल्या.

"तुझ्या लेकाला विचार."

हर्षवर्धनने हँडलकडे पाहिलं आणि भातावर वरण ओढून घेतलं. "योगेशला अक्कल नाही."

"अक्कल तर तुझी. बोल्टला धूळ चोळायचं माझ्या डोक्यात आलं नसतं."

"हळू बोल. खाली गिऱ्हाईक आहे."

"अंबाजीची कॉलर धरलीस तेव्हा खाली अख्खी गल्ली होती. तेव्हा हळू बोललास?"

तो घास चावत राहिला. ते चावणं तिला सहन होईना. तिने ताट पुढून ओढून बाजूला सरकवलं.

"कधी कळलं तुला?"

"तक्रार देऊन आल्यावर. गाडी लॉक केली आणि सहज फाळका ओढून पाहिला. उघडला."

"आणि तरी तू पार्ट शोधत फिरलास. तो माणूस तिकडे बाकावर बसून होता."

"मग काय करू? जाऊन सांगू, माझ्याच गाडीला कुलूप नव्हतं? खोटी तक्रार दिली म्हणून मलाच बसवतील त्या बाकावर. कॉलेजवाले दारात उभं करणार नाहीत. बाबांचं नाव आहे या दुकानाला."

"बाबांचं नाव मध्ये आणू नकोस. बाबा त्याला अंबाजीराव म्हणायचे."

"त्याने चोरी केलीच नसेल कशावरून?"

"केली असेल तर शोधू देत पोलिसांना. तू पुरावा कशाला तयार करतोस? विकत आणून, स्क्रू पिळून?"

हर्षवर्धन उठला, हात धुतला, नॅपकिन खुर्चीवर टाकला. "तू यात पडू नकोस, त्रिवेणी. चार दिवस आत राहील, मग मी वकील देईन त्याला. खर्च माझा. त्याच्या बायकोलाही घरी काही कमी पडू देणार नाही."

हे तो अगदी मोठ्या मनाने बोलला. त्रिवेणीने देवघरात जाऊन डबी उघडली. जुडग्यातल्या छोट्या चावीच्या दात्यांत कुंकू भरून वाळलं होतं. टेबलापाशी येऊन तिने ती हँडलमध्ये घातली आणि फिरवली. खट्ट झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा खट्ट.

"आई, ही चावी कुठे होती?"

"देवापाशी."

"कधीपासून?"

"पूजेपासून. तुला माहीत नाही का?"

"चल माझ्याबरोबर. एवढंच ठाण्यात सांग."

सुशीलाबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो खिडकीतून खाली बघत होता.

"मी देवापुढे खोटं बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मला पोलिसांपुढे नेऊ नकोस."

"अंबाजी रोज पोलिसांपुढेच बसतोय, आई."

सुशीलाबाई डबीचं झाकण लावत राहिल्या. ते नीट बसत नव्हतं.

ठाण्यात अंबाजी भिंतीशी बाकावर होता. शेजारी त्याची बायको भामा, मांडीवर न उघडलेला डबा घेऊन. त्रिवेणीला पाहून अंबाजी उभा राहिला.

"अक्का, तुम्ही उगं कशाला इथं."

"बसा तुम्ही."

"बसूनच आहे की," भामा म्हणाली. "सायबाला सांगा, खुर्ची तरी द्या. तुमच्या घरचाच माणूस आहे ना."

सब-इन्स्पेक्टर भाग्यलक्ष्मीने हँडल आणि चावी दोन्ही उलटसुलट करून पाहिली. कुंकू तिच्या बोटाला लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि मग म्हणाली, "ये हैंडल इसी गाड़ी का है, मैं कैसे मानूँ? भंगार में ऐसे कितने पड़े रहते."

पाचला पिकअप आवारात शिरली. हर्षवर्धन इस्त्रीच्या शर्टात खाली उतरला, बहिणीकडे न बघता त्याने रिमोट दाबला. दारं आणि फाळका एका दमात बंद झाले. भाग्यलक्ष्मीने फाळका दोन्ही हातांनी ओढला. उघडला नाही.

"देखा मैडम," हर्षवर्धन म्हणाला. "बिना रिमोट के खुलताच नहीं."

"बोल्ट नखाने खरवडा," त्रिवेणी म्हणाली. मराठीतच म्हणाली, मग हाताने दाखवलं.

भाग्यलक्ष्मीने कंबरेची किल्ली काढली आणि हँडलच्या एका बोल्टवर ओढली. धूळ सुटली. खाली चकचकीत धातू निघाला. तिने दुसऱ्या बोल्टवर ओढली.

"ये कब लगवाया?"

"कंपनी से ऐसाच आया."

"और ये चाबी?"

"पता नहीं. बहन ले के आई."

"बहन बोल रही, चाबी आपकी वालिदा के पास थी. उनको फोन लगाओ. वो बोले तो मैं लिखती."

हर्षवर्धनने मोबाइल खिशातून काढला नाही. त्रिवेणीने काढला, घरचा नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन फाळक्यावर ठेवला. रिंग पूर्ण वाजून थांबली. तिने पुन्हा लावला. अंबाजी आणि भामा बाकावरून उठून दारापर्यंत आले होते. कॉन्स्टेबलने त्यांना परत बसायला सांगितलं.

हर्षवर्धन हलक्या आवाजात म्हणाला, "आई दुपारी झोपते. ठाऊक आहे ना तुला."

"सव्वापाच वाजलेत," त्रिवेणी म्हणाली आणि तिसऱ्यांदा नंबर लावला.

अटकेचा कागद भाग्यलक्ष्मीच्या टेबलावर आहे, सहीशिवाय. हँडल आणि चावी त्याच्यावर ठेवली आहे. साडेसहापर्यंत हिमायतनगरच्या घरचा फोन कोणी उचललेला नाही.