रुचकीला दिलेलं आवतन

झाडपाल्याच्या बाबतीत आमच्या खजुरी गावात माझ्या सासूबाईंचा, कमलबाईंचा, हात धरणारं कुणी नाही. हे मी सून म्हणून सांगत नाही. सून म्हणून सांगायला माझ्याकडे वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्याकडची गावरान नावं पुस्तकात यावीत म्हणून मीच बीदरहून शिवप्रसादला बोलावलं. या भागातल्या झाडांच्या मराठी नावांचं तो पुस्तक करतोय. त्याची अट एकच: झाडापाशी उभं राहून कॅमेऱ्यासमोर नाव घ्यायचं, म्हणजे घोळ होत नाही.

आणि सासूबाई झाडापाशी गेल्या की तोंडाला कुलूप! खुडताना नाव घेतलं की पाल्याचा गुण जातो म्हणे. सकाळभर त्या पुढे, शिवप्रसाद मागे. शेवटी मी चिडले.

"आत्या, एकदा नाव घेतलं तर काय बिघडतंय?"

"कामून चिडायलीस? नाव आवतनाला घेत्यात."

मी कपाळावर हात मारला. खुडायच्या आदल्या संध्याकाळी झाडापाशी चार तांदूळ ठेवून, नाव घेऊन त्याला बोलावतात, तेच आवतन. हे मला माहीत होतं, पण वेळेवर सुचेल तर शपथ.

संध्याकाळी बांधाबांधानं फिरलो. सासूबाई झाडाझाडाला सांगत होत्या: "रुचकीबाई, उद्या न्यायला येते. तरवडबाई, तुला बी. सराट्या, तू बी चल." शिवप्रसाद 'रुचकी म्हणजे रुई' असं टिपतोय, मी मोबाइलवर व्हिडिओ घेतेय, आणि मला तर आवरेना. हे राहिलं, ते राहिलं, म्हणत मी त्यांना ओढ्यापर्यंत नेलं.

घरी येऊन सासूबाई उंबऱ्यावरच बसल्या. डोळ्यांत पाणी.

"एवढ्यांला बोलावलं. ऊन चढायच्या आत मी एकटी कुणाकुणाला आणू? न्हाई आणलं तर आवतन खोटं. खोट्या आवतनाची नावं पुस्तकात घालू नगा."

झालं! माझ्याच हावरेपणानं सगळी नावं जायची वेळ आली. मी मोबाइल घेऊन घरोघर गेले, व्हिडिओ दाखवून एकेकीला एकेक झाड वाटलं. बुद्धविहाराजवळच्या इंदिराबाई म्हणाल्या, "मी तांदूळ वाहणार न्हाई. पण बोलावलेल्याला ताटकळत ठेवत्यात व्हय? मला रुचकी दे."

पहाटे आमच्या गावच्या बायका टोपल्या घेऊन निघाल्या आणि चक्क गप्प होत्या! असलं नवल खजुरीनं कधी पाहिलं नव्हतं.

ऊन चढायच्या आत अंगण हिरवंगार झालं. सासूबाईंनी एकेक डहाळी उचलावी आणि अंगणानं नाव ओरडावं: "रुचकी! तरवड! सराटा!"

शेवटची डहाळी ठेवून सासूबाई शिवप्रसादकडे वळल्या.

"घाल आता पुस्तकात, लेकरा. बोलावलेली समदी आली."