आभाराचा हेलपाटा

पगार वाढला तर माणसानं गप्प बसावं, हे शहाणपण मावशींना फार उशिरा आलं. खरं सांगायचं तर चूक त्यांची नव्हतीच. आभार मानायला जा म्हणून हात धुऊन मागं लागले होते ते मास्तर.

मास्तर म्हणजे मावशींचे यजमान. हयातभर शिवणकाम केलं म्हणून मास्तर. आता डोळे अधू झाले होते, सुईत दोरा जात नव्हता, पण हौस शाबूत होती. बँकेचं पासबुक भिंगाखाली धरून वाचणं हे त्यांचं महिन्याचं ठरलेलं काम. पाच महिन्यांपूर्वी ते असेच भिंग लावून बसले होते आणि एकदम ओरडले, "अगं, तुझा पगार वाढला!"

मावशी बावीस वर्षं एकाच धुलाई कारखान्यात होत्या. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या चादरी तिथं ढिगानं यायच्या. त्या सोड्याच्या गरम पाण्यातून काढायच्या, पिळायच्या, रोलरखाली घालायच्या, की पुढचा ढीग हजर. बावीस वर्षांत कुणी 'बरं काम करता हो' एवढंही म्हटलं नव्हतं. त्यामुळं वाढ ऐकून मावशींना आधी रडूच आलं. उशिरा का होईना, कुणाचं तरी लक्ष गेलं म्हणायचं.

आता एवढ्या पैशांतून त्यांनी घेतलं काय? अंगाला नवं कापड नाही की घरात नवं भांडं नाही. त्यांनी संध्याकाळ घेतली. कारखाना सुटल्यावर त्या दातांच्या दवाखान्यात झाडलोट करायला जायच्या, ते काम सोडून दिलं. साडेपाचला घरी यायचं, गॅलरीतल्या खुर्चीत बसायचं, पाय कोमट पाण्याच्या बादलीत सोडायचे आणि मास्तर कालचं वर्तमानपत्र भिंगातून वाचून दाखवतील ते ऐकायचं. मास्तर एक ओळ दोनदा वाचत आणि पुढची गाळत, पण मावशींची तक्रार नव्हती. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याचं तोंड उजेडात इतका वेळ पाहायला त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं. पाहण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, पण होतं ते बरं होतं.

"जाऊन आभार तरी मान," मास्तर रोज टुमणं लावायचे. "त्यांनी आपली कदर केली, आणि आपल्याला एक शब्द जड व्हावा?"

शेवटी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मावशी कमरेच्या फडक्याला हात पुसत हिशेबनिसाच्या खोलीत गेल्या.

"साहेब, पगार वाढवलात, फार बरं वाटलं. तेवढंच सांगायला आले."

हिशेबनीस तरुण होता आणि सर्दीनं बेजार होता. त्यानं रुमालातून वर पाहिलं. "कसली वाढ, मावशी? यंदा कुणालाच दिलेली नाही."

मावशींनी पासबुकातला आकडा सांगितला. त्यानं हजेरीची वही काढली, यंत्राची यादी काढली, दोन्ही शेजारी ठेवली आणि बोट फिरवत खाली खाली गेला. सहा महिन्यांपूर्वी कारखान्याच्या दारात अंगठ्याचं यंत्र बसलं होतं. मावशींच्या अंगठ्यावरच्या रेघा सोड्यानं कधीच धुऊन नेल्या होत्या, त्यामुळं यंत्र त्यांना ओळख देत नसे. मुकादम भला माणूस. बाईचा उगाच खाडा पडायला नको म्हणून मावशी दिसल्या की तो वहीत त्यांची हजेरी हातानं लावून टाकायचा. पण मावशीही चिवट. जाता-येता अंगठा दाबून बघायच्या, आणि चार दिवसांतून एकदा यंत्राला दया यायची. त्या दिवशी हजेरी दोनदा. दुसरी हजेरी म्हणजे जादा पाळी, आणि जादा पाळीला दुप्पट पैसे.

"म्हणजे मोठ्या साहेबांनी वाढवला नाही?"

"त्यांना तुम्ही इथं आहात हे तरी माहीत आहे की नाही, कोण जाणे," तो म्हणाला, आणि लगेच ओशाळला. "मावशी, तुम्ही आला नसता तर मला कळलंही नसतं हो."

त्यानं उठून दार लोटलं आणि आवाज उतरवला. "असं करू. या महिन्यापासून दुरुस्त करतो. मागचं ते मागं. तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही पाहिलं नाही."

मोह झाला नाही असं नाही. चांगला दांडगा मोह झाला. पण उद्या कुणी तपासलं तर वहीतलं अक्षर मुकादमाचं. त्याच्या चांगुलपणाचे पांग असे फेडायचे? शिवाय रोज कुणी हाक मारली की दचकायचं. भीती वागवायलाही अंगात बळ लागतं, आणि मावशींचं होतं नव्हतं ते बळ चादरींतच संपत होतं.

"कापून घ्या," त्या म्हणाल्या. "थोडे थोडे कापा, पण कापा. एकदाची मोकळी करा मला."

दहा महिन्यांच्या हप्त्यांचा संमतीचा कागद झाला. मावशींनी सही केली. शेजारी अंगठाही हवा होता. त्यांनी तो शाईवर दाबून कागदावर टेकवला. उमटला तो नुसता निळा डाग. दोघंही त्याच्याकडं बघत राहिली.

"दुसरा द्या बरं."

"तोही तसलाच. पैसे देते म्हटलं, रेघा कुठून आणू?"

साडेपाचला मावशी घरी न जाता दातांच्या दवाखान्यात गेल्या. त्यांच्या जागी ठेवलेली बाई दोन महिन्यांतच पळाली होती. "उद्यापासून या," डॉक्टरीणबाई तोंडावरची पट्टी न काढता म्हणाल्या. "पगार जुनाच."

घरी मास्तर बादली भरून वाट बघत बसले होते. पाणी केव्हाच निवलं होतं.

"मानलेस आभार? काय म्हणाले?"

खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून मावशी बादलीकडं बघून बोलल्या. "म्हणाले, तुमच्यासारखी बाई शोधून सापडायची नाही."

मास्तर असे खुलले की जणू त्यांनाच बढती मिळाली.

"आणि डॉक्टरीणबाई भेटल्या. अगदी हातापाया पडल्या, तुमच्यावाचून दवाखान्याचं चालत नाही म्हणाल्या. मला काही नाही म्हणवेना. उद्यापासून जाते पुन्हा."

मास्तरांनी रिकाम्या खुर्चीवरून उगाच हात फिरवला. मग म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो? आता सगळ्यांनाच तुझी किंमत कळायला लागली."

मावशी खुर्चीत बसल्या आणि त्यांनी थंड पाण्यात पाय सोडले.

"मग बाईंचे आभार मानलेस की नाही?"

"नाही. आणि तेवढं मात्र मला सांगू नका," मावशी म्हणाल्या. "तुम्ही वाचा. आज एकही ओळ गाळू नका."